चवीपुरतं

शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत,
चौथ्या मजल्यावर आम्ही सात जण,
एक शेगडी, दोन कुकर,
आणि एसीचं पाणी थेंब थेंब झेलणारी
रंगाची रिकामी बादली.

सात वर्षं गुरुवारचं कालवण हसनमियांचं.
हसनमिया मुकादम, दाभोळचे.
सुरमईला इथे कनाद म्हणतात,
ते मात्र सुरमईच मागायचे,
केरळी मासेवाल्यालाही तेवढा एक शब्द पढवलेला.
ताटं वाढून झाली की लुंगीला हात पुसत विचारायचे,
"मीठ कसंय?"
आणि आम्ही चाखायच्या आधीच "बरोबर" म्हणायचो,
खबूसचा तुकडा मोडता मोडता.

जूनमध्ये आला सर्जेकोटचा हर्षल तोडणकर.
बॅगेत कपडे कमी, तिरफळं जास्त.
एका गुरुवारी म्हणाला, आज मी करतो बांगडा.
पहिल्याच घासाला मी बोललो
(नोकरी स्टोअरकीपरची,
पण खोलीत विनोदाचं खातं माझ्याकडे):
"वा, हर्षलशेठ! आज कळलं,
सात वर्षं आपण पथ्याचं जेवत होतो."

काय हशा पिकला!
म्हात्रेला ठसका लागला,
कुणीतरी त्याच्या पाठीत गुद्दे घातले.
सगळ्यांत मोठ्याने हसले हसनमिया.
हर्षल तेवढा हसला नाही.
कौतुक त्याचं होतं, आणि कान त्याचेच लाल;
रिकाम्या पातेल्यात उगाच पळी फिरवत राहिला.

पुढच्या गुरुवारी हसनमियांनी वाढलं,
हात पुसले,
आणि बसले जेवायला.
काही विचारलं नाही.

त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही.

मग मी निघालो भरपाई करायला.
"हसनभाई, असं कालवण पंचतारांकितात मिळणार नाही!
हसनभाई, तुमचे हात सोन्याने मढवायला हवेत!"
त्यांनी मान वर न करता म्हटलं,
"पुरे, बाबा. खारट व्हायला लागलं."

रात्री बंकवर पडून विचार करत होतो:
आमटी खारट झाली तर बटाटा सोडतात.
बोलणं झालं तर
काय सोडतात?

ऑगस्टात हर्षल तापाने फणफणला.
काचांना बाहेरून घाम आलेला,
आत हा गोधडीत कुडकुडतोय.
हसनमियांनी पेज ठेवली.
हर्षल म्हणाला, नको, इच्छा नाही.

"घे मुकाट्याने," मी म्हणालो.
"मी नवा होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात
फोरमनसमोर चक्कर येऊन सिमेंटच्या गोण्यांवर आडवा.
यांनी पेज दिली. एका हातात वाडगा, एका हातात फोन,
आईला सांगतोय, मजेत आहे गं, मजेत,
आणि नाक-डोळे सगळं पेजेत गळतंय.
दोन वाडगे प्यायलो.
अजून मला ठाऊक नाही,
त्यात मीठ यांनी घातलेलं की मीच."

हर्षल गोधडीतून खुदकला.
शेगडीकडून पाठमोरा आवाज आला,
"तुझंच होतं.
त्या दिवशी डबा रिकामा होता.
सात वर्षं कुणाला बोललो नाही."

आणि त्यांचे खांदे हलायला लागले.
मी आधी घाबरलो.
मग कळलं, हसतायत.
त्या रात्रीसारखं मोठ्याने नव्हे;
पळी खाली ठेवावी लागली, एवढंच.

गुरुवारी ताटं वाढली. लुंगीला हात पुसला.
"मीठ कसंय?"

या वेळी मी आधी घास घेतला.
नीट चावला.
म्हात्रे माझ्याकडे बघत होता.
"किंचित कमी."

त्यांनी बोट बुडवून चाखलं.
"हो रे," म्हणाले,
आणि मिठाचा डबा हर्षलकडे सरकवला,
"तू घाल.
चवीपुरतं."